आबांच्या फोटोमागचा रणगाडा

पत्र थोडक्यात: लेखिका 49 वर्षांच्या, पुण्यात राहतात. माहेर सातारा जिल्ह्यातल्या एका गावात. वडिलांना सगळे आबा म्हणत. ते गेल्या मार्गशीर्षात, 78 व्या वर्षी गेले. 1966 ते 1983 लष्करात, बॉम्बे सॅपर्समध्ये (लष्कराच्या इंजिनिअर दलात) होते, हवालदार म्हणून निवृत्त झाले. त्यानंतर 35 वर्षं गावातल्या शेडमध्ये सुतारकाम केलं. आता वर्षश्राद्ध जवळ आलंय. थोरल्या भावाला वस्तीच्या तोंडाशी कमान उभारायची आहे: वर्दीतला फोटो आणि खाली ‘1971 चे युद्धवीर’. कार्यक्रम 16 डिसेंबरला, विजय दिनी. स्मरणिकेचं लिखाण लेखिकेकडे आहे. त्यासाठी आबांची काळी ट्रंक उघडली, तर डिस्चार्ज बुकात ट्रेड ‘कारपेंटर’. पदकं 4, त्यांत संग्राम मेडल आहे, पश्चिमी स्टार (प्रत्यक्ष युद्धात पश्चिम आघाडीवर असलेल्यांचं पदक) नाही. आईला आलेल्या आंतरदेशीय पत्रांवरून कळलं की युद्धाच्या दिवसांत आबा खडकीलाच, सॅपर्सच्या केंद्रात होते. जानेवारी 1972 मध्ये त्यांना पंजाबच्या सीमेवर पाठवलं आणि तिथे ते जवळपास वर्षभर शेतांतले सुरुंग काढत होते. भाऊ म्हणतो, ‘सुरुंग काढणं ही काय लढाई? आणि एवढं कोण बघतंय? आणि ते सुतारकीचं फार लावू नकोस.’ गावात आबांना ‘मिस्त्री’ म्हणत, ते त्याला कधी रुचलं नाही. आबांचा राग आणि भावाशी त्यांनी 2 वर्षं धरलेला अबोला, यांचं काय करायचं हाही प्रश्न आहेच. आई काही बोलत नाही. शेडमध्ये एक पाळणा अर्धवट पडून आहे. लेखिका विचारतात: ‘खरं लिहिलं तर आबा लहान होतात, खोटं लिहायला हात उचलत नाही. काय करू?’

प्रिय ताई,

फ्लेक्सवाल्याने पाठवलेलं डिझाइन तुम्ही पत्रासोबत जोडलंय, ते मी आधी पाहिलं. आबांच्या मागे रणगाडा, रणगाड्यावर दोन लढाऊ विमानं, आणि छातीवर चाराची सात झालेली पदकं. आपल्याकडे फ्लेक्सवाल्याला ‘फौजी’ म्हटलं की हाच रणगाडा निघतो, जसा ‘वाढदिवस’ म्हटलं की वाघ निघतो. मला हसू आलं. मग मधोमध उभ्या आबांकडे नीट पाहिलं. स्टुडिओतला जुना फोटो, खांदे ताठ, आणि मूठ अशी धरलेली की आत खडूचा तुकडा असावा. हा माणूस त्या रणगाड्याशी काहीही संबंध नसल्यासारखा उभा आहे.

पदकांचं आधीच सांगून टाकते, कारण त्यात वाद घालण्यासारखं काही नाही. ती जादाची तीन पदकं काढा, आजच. कार्यक्रमाला आबांचे जुने सोबती येतील. माजी सैनिक फोटोत आधी रिबिनी वाचतो, चेहरा नंतर बघतो. ‘एवढं कोण बघतंय’ असं तुमचा भाऊ म्हणतो, पण जे बघणार आहेत ते पहिल्या रांगेत बसलेले असतील. ते तोंडावर काही बोलणार नाहीत, जेवून जातील. आणि ज्या माणसाबद्दल त्यांच्या मनात वर्षानुवर्षं काही वेडंवाकडं आलं नाही, त्याच्याबद्दल घरी जाताना एसटीत पहिल्यांदा येईल.

आता तुमचं वाक्य. ‘खरं लिहिलं तर आबा लहान होतात.’ हे वाक्य तुम्ही इतक्या सहज लिहिलंय की जणू ते ठरूनच गेलंय. मला ते पटत नाही. थोडं उलगडून बघू या.

तुम्ही डिस्चार्ज बुकात ‘कारपेंटर’ वाचलंत आणि तुमच्या मनात आलं, म्हणजे आबा लष्करात सुतार होते, सैनिक नव्हते. सॅपरच्या बाबतीत ‘सुतार की सैनिक’ असा प्रश्न नसतो. त्याला बंदूक चालवायला शिकवतात. पूल बांधणं, रस्ते करणं, सुरुंग पेरणं आणि काढणं शिकवतात. आणि शिवाय हातात एक धंदा देतात. कुणाला गवंडीकाम, कुणाला लोहारकाम, कुणाला वायरिंग, आबांना सुतारकाम. हे तिन्ही एकाच माणसात असतं. सैन्यातून आल्यावर आबांनी काहीतरी दुसरंच सुरू केलं, असं तुम्हाला आणि तुमच्या भावाला लहानपणापासून वाटत आलंय. पण रंधा त्यांच्या हातात आला तो खडकीला. शेड म्हणजे त्याच नोकरीचा पुढचा भाग होता, फक्त पगार गावाने दिला. (आणि गावाने किती वेळेवर दिला, ते तुमच्या आईला माहीत असेल.)

दुसरी गोष्ट म्हणजे ‘सुरुंग काढणं ही काय लढाई’ हा भावाचा मुद्दा. त्याला दोन माणसांबद्दल सांगा, दोघंही बॉम्बे सॅपर्सचे. सेकंड लेफ्टनंट प्रेमिंद्रसिंग भगत. 1941 मध्ये इथिओपियात, माघार घेणाऱ्या इटालियन फौजेचा पाठलाग चालू असताना त्यांनी 4 दिवसांत सुमारे 55 मैलांच्या वाटेवरची 15 सुरुंगक्षेत्रं मोकळी केली. त्याबद्दल व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आणि सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे, कारवारजवळच्या चेंडिये गावचे. एप्रिल 1948 मध्ये नौशेरा-राजौरीच्या वाटेवर, मारा चालू असताना, सुरुंग आणि झाडं आडवी पाडून केलेले अडथळे हटवत त्यांनी रणगाड्यांना पुढे नेलं. त्यांना परमवीर चक्र मिळालं. दोघांनाही सर्वोच्च पदक मिळालं ते वाट मोकळी करण्याबद्दल.

यात आबांना त्यांच्या पंगतीला बसवायचा माझा हेतू नाही. ते दोघं शत्रूच्या माऱ्यात होते. आबांच्या वेळी गोळीबार थांबला होता. हा फरक मोठा आहे आणि तो स्मरणिकेत झाकू नका. मला एवढंच म्हणायचंय की या कामाला ‘काय लढाई’ म्हणणारा माणूस त्या फौजेतला नसतो.

संग्राम मेडल नुसतं युद्धाच्या दोन आठवड्यांसाठी नव्हतं. 3 डिसेंबर 1971 ते 20 डिसेंबर 1972 या काळात सीमेवरच्या राज्यांत काम केलेल्यांना ते मिळालं. ढाक्याची शरणागती 16 डिसेंबरची, पश्चिमेकडचा युद्धविराम 17 चा, मग मेडलची मुदत पुढे वर्षभर का? कारण फौजा समोरासमोर बसूनच होत्या. जुलै 1972 मध्ये सिमल्याचा करार झाला आणि घेतलेला मुलूख परत करून दोन्ही बाजूंचं माघारी येणं पार डिसेंबर 1972 पर्यंत चाललं. त्या वर्षात आबा तिथे होते. स्टार नसणं आणि मेडल असणं यांचा अर्थ इतका सरळ आहे, तो तुम्हाला ट्रंकेतच सापडला आहे. पदकाची कडही बघा, तिच्यावर बारीक अक्षरांत नंबर, हुद्दा आणि नाव कोरलेलं असतं. खोबरेल लावलेल्या कापडाने हलकेच पुसा. चिंच लावून घासू नका, अक्षरं झिजतात.

आणि ते काम काय असतं, हे तुमच्या वाचकांना ठाऊक नाही. ते लिहा. आपल्या फौजेने पेरलेल्या सुरुंगांचा नकाशा असतो. पण पाऊस पडतो, माती सरकते, गवत माजतं, आणि नकाशातला ठिपका जागेवर राहत नाही. समोरच्यांनी पेरलेल्याचा नकाशा तर हाती लागेलच असं नाही. मग माणूस गुडघ्यांवर किंवा पोटावर झोपतो आणि हातातली सळई जमिनीत तिरपी, साधारण 30 अंशांत, हळूच खुपसत जातो. तिरपी अशासाठी की सुरुंग दाबाने उडतो आणि दाब वरून बसतो, सळई त्याच्या कडेला लागली पाहिजे. टक्क लागलं की थांबायचं आणि बोटांनी माती बाजूला करायची. हातभर जागा झाली की पुढची हातभर. असं एकरच्या एकर.

तुम्ही पत्रात एक गोष्ट ओझरती लिहून पुढे निघून गेलात, मी तिथेच अडकले. वाड्याचं जुनं सागवान शेडमध्ये आलं की आबा त्यावर लगेच रंधा लावू द्यायचे नाहीत. आधी तळहात फिरवायचे, मग पटाशीच्या टोकाने चाचपत जायचे, कुठे मोडलेला खिळा राहिलाय का ते. तुम्हा मुलांना कंटाळा यायचा. जुन्या लाकडातल्या खिळ्याने रंध्याचं पातं जातं, कुठलाही चांगला सुतार हे करतो. मी यावर जास्त काही रचणार नाही, तुम्हीही रचू नका. फक्त ही दोन वर्णनं स्मरणिकेत समोरासमोरच्या पानांवर येऊ द्या.

आता भाऊ. त्याच्याबद्दल तुमच्या पत्रात थोडा कडवटपणा आहे. मी त्याच्या बाजूने दोन शब्द बोलणार आहे, रागावू नका. तो गावात राहिला. शेवटची दोन वर्षं आबांना दवाखान्यात नेणं, आणणं, रात्री उठवून पाणी देणं त्याने आणि वहिनींनी केलं, हे तुम्हीच लिहिलंय. शाळेत ‘फौजीचा पोरगा’ म्हणवून घेताना त्याची छाती फुगत असणार, आणि ‘मिस्त्रीचा पोरगा’ म्हटलं की कुणाच्या तरी दारात मजुरीसाठी उभं राहिल्यासारखं वाटत असणार. बलुत्याच्या हिशेबात कोण कुठे बसतो, हे गाव विसरत नाही. शेतकऱ्याच्या घरातल्या माणसाने करवत हातात धरली, यावर तेव्हा पारावर काय बोललं गेलं असेल, ते अकरा-बारा वर्षांच्या पोराने ऐकलं असेल. तुम्ही तेव्हा लहान होतात, आणि पुढे तुमच्या शहरात ‘हँडमेड’ म्हणून लाकडी चौरंगाला चौपट भाव मिळतो. त्याच्या गावात तसं नव्हतं. तेव्हा कमानीच्या मागे ढोंग आहे असं धरून चालू नका. कदाचित बापाला पुन्हा कुणी हलकं म्हणू नये, एवढंच असेल.

आणि मला एक कळलं नाही. तुमचा भाऊ 1972 चा आहे. ट्रंकेतलं जे पत्र तुम्ही उतरवून पाठवलंय, ‘पोराचं नाव तुम्हीच ठेवा, मला सुट्टी नाही. इथले शेतकरी रोज बांधावर येऊन बसतात आणि विचारतात, पेरायला कधी मिळणार,’ ते त्याच्याच जन्माचं पत्र आहे. ते त्याला दाखवलंत का? तुमच्या पत्रात तसं कुठे नाही. डिस्चार्ज बुक दाखवलंत, स्टार नाही हे दाखवलंत. म्हणजे चूक दाखवणारे कागद त्याच्यापुढे ठेवलेत आणि हा एक कागद राहून गेला.

तर पुढच्या रविवारी गावी जा. फोनवर हे बोलू नका, आणि घरातल्या सगळ्यांसमोर तर मुळीच नको. शेडमध्ये दोघंच बसा. पत्र त्याच्या हातात द्या आणि गप्प राहा. ‘बघ, मी म्हणत होते ना’ हे वाक्य ओठांवर आलं तरी गिळा. कमानीचा विषय त्या दिवशी काढूच नका. दुसऱ्या दिवशी तोच काढेल, किंवा नाही काढणार. नाही काढला तर तुम्ही काढा आणि पाटीचा मजकूर कागदावर लिहूनच न्या: नाव, हुद्दा, बॉम्बे सॅपर्स, 1966–1983, संग्राम मेडल; आणि त्याच्या खाली त्याच मापाच्या अक्षरांत ‘सुतार’, 1983 पासून. ‘मिस्त्री’ हा शब्द हवा की नको, ते भावाला ठरवू द्या. त्याने एक शब्द आपल्या मनाने ठेवला तर पाटी त्याचीही होईल.

तरीही त्याने ‘युद्धवीर’चा हट्ट सोडला नाही तर? तर कमान त्याची, स्मरणिका तुमची. तुमच्या पानांत एकही खोटं वाक्य येऊ देऊ नका, आणि त्याच्या कमानीबद्दल गावात एक अक्षर बोलू नका. मात्र पैशांचा हिशेब आधी करा. कमानीला ग्रामपंचायतीची परवानगी लागेल, रस्ता बांधकाम खात्याचा असला तर त्यांचीही. हे सगळं श्राद्धाच्या आत उरकत नाही, असा माझा अनुभव आहे. त्यामुळे घाई आपोआपच कमी होईल.

तारखेबद्दल. वर्षश्राद्ध तिथीनेच करा, घरात, आईच्या मनाप्रमाणे. गावजेवण आणि भाषणं वेगळ्या दिवशी. 16 डिसेंबर घ्यायला हरकत नाही, तो सगळ्याच फौजींचा दिवस आहे, फक्त त्या दिवशी आबा कुठे होते हे व्यासपीठावरून कुणी चुकीचं बोलणार नाही एवढं बघा. आमदार आले तर ते बोलतीलच. त्यांच्या हातात आधी लिहिलेला कागद द्या.

थोडं विषयांतर करते. तुमच्या भागात वीरगळ पाहिला असेल, देवळामागे तिरका पडलेला. सगळ्यात खाली लढणारा आणि पडलेला वीर, त्यावर त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा, माथ्यावर चंद्रसूर्य. बहुतेकांवर नाव नसतं. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रजांनी आपल्याकडच्या कित्येक गावांत दगड बसवले, त्यांवरही नावं नाहीत, आकडे आहेत: या गावातून इतके गेले, त्यांतले इतके मेले. म्हणजे दगड कोरायचा तो मेलेल्यासाठी, अशी आपली जुनी रीत. जो परत आला, ज्याने नंतर 42 वर्षं गावात काढली, दारं बसवली, पोरांना ओरडला, उधारी मागायला लाजला, त्याच्यासाठी कुठल्या आकाराचा दगड असतो? आपल्याकडे तो आकारच नाही. म्हणून फ्लेक्सवाला रणगाडा टाकतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, त्याच्याकडे दुसरं चित्रच नाही. ते चित्र तुम्हाला तयार करायचंय.

कसं? आबांनी केलेल्या वस्तू गावात आहेत, हे तुमचं भांडवल. मोबाईल घ्या आणि घरोघर फिरा. चौकटी, दारं, देव्हारे, पाट, चौरंग, पाळणे, शाळेची बाकं, कुणाकडे पडवीत टेकवून ठेवलेली पाभर किंवा कुळव. प्रत्येकाचा फोटो आणि चार ओळी: कुणाच्या घरी, कधी केलं, लाकूड कुठलं, पैसे किती दिले, आणि दिले का. शेवटचा प्रश्न हसत विचारा, लोक सांगतात. बाभळीचं की सागाचं, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, तरुणांना सगळंच सागवान वाटतं. जमलं तर एखादं जुनं दार बिजागरीतून काढताना बघा. कुसू, म्हणजे लाकडात लाकूड अडकवायचं टोक, कसं बसवलंय ते तिथेच दिसतं, आणि मिस्त्री कोण होता हे दुसऱ्या मिस्त्रीला तेवढ्यावरून कळतं. या यादीला कुठलंही विशेषण लावू नका. 60 फोटो झाले की विशेषणाची गरज पडत नाही.

सोबत्यांना आधी भेटा. ते सगळे पंचाहत्तरी ओलांडलेले आहेत, हे काम पुढच्या वर्षावर टाकायचं नाही. माजी सैनिकांच्या दवाखान्यात औषधाच्या रांगेत, नाहीतर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या ओसरीवर कुणी ना कुणी भेटतंच. पण ‘युद्धात काय झालं?’ असं विचारू नका. तसं विचारलं की माणूस एकतर गप्प होतो नाहीतर सिनेमा सांगतो. ‘सकाळी चहा किती वाजता मिळायचा? आबा कुणाच्या शेजारी झोपायचे? हात कुठे धुवायचात?’ असं विचारा. एखादा बोलता बोलता थांबला तर थांबू द्या, पुढचं ओढून काढू नका. सेवेची नोंद हवी असेल तर बॉम्बे सॅपर्सचं रेकॉर्ड ऑफिस खडकीलाच आहे. आबांचा आर्मी नंबर, डिस्चार्ज बुकाची प्रत आणि आईच्या सहीचा अर्ज घेऊन जिल्हा सैनिक कार्यालयातून गेलात तर वाट सोपी होते. जाताच आहात तर आईच्या कुटुंब पेन्शनचे कागद एकदा तपासा: नावातलं स्पेलिंग, जन्मतारीख, बँकेचं खातं. आणि दरवर्षीचा हयातीचा दाखला. हे स्मरणिकेपेक्षा आधीचं काम.

आबांच्या रागाबद्दल तुम्ही जे लिहिलंय, ते मी इथे उतरवत नाही. तुम्ही विचारता, हे गाळणं म्हणजे खोटं बोलणं का? नाही. स्मरणिका म्हणजे कोर्ट नव्हे, सगळं सांगायची शपथ कुणी घातलेली नाही. पण गाळणं वेगळं आणि उलटं लिहिणं वेगळं. ‘अत्यंत प्रेमळ, शांत स्वभावाचे’ असं छापलंत तर ते वाचताना तुमचा भाऊ वर बघेल, आणि त्याच्या मनात पहिल्यांदा तुम्ही उतराल. ते शब्द नकोतच. आबांनी काय केलं ते लिहा. तुमच्या शाळेच्या दप्तरासाठी त्यांनी केलेली लाकडी पेटी, जी तुम्हाला जड व्हायची आणि ज्यावरून मुली हसायच्या, ती लिहा. मोजमापात सूतभर चुकलं तर आख्खी फळी बाजूला टाकायचे आणि त्या दिवशी घरात कुणी त्यांच्याशी बोलायचं नाही, हेही लिहा. यात रागही आला आणि उणंदुणंही झालं नाही. 2 वर्षांचा अबोला मात्र भावाचा आहे. तो छापायचा की नाही, ते त्याला विचारल्याशिवाय ठरवू नका. तो बंद कसा झाला, कोण आधी बोललं, हे तुम्हाला माहीत आहे का? मला वाटतं नसावं.

आबा युद्धाबद्दल कधी बोलले नाहीत, याचा तुम्ही लावलेला अर्थही मला घाईचा वाटतो. ‘सांगण्यासारखं नव्हतं म्हणून लपवलं,’ असं तुम्ही लिहिलंय. शक्य आहे. पण जो माणूस गावात ‘युद्धात काय केलंस?’ या प्रश्नाला उत्तर म्हणून ‘शेतं साफ केली’ एवढंच सांगू शकतो, त्याने ते सांगायचं सोडून दिलं असेल, कारण ऐकणाऱ्याचा चेहरा पडायचा. आज तुमच्या भावाचा पडला तसा. तुमचाही क्षणभर पडला असेल.

आणि आई. तीन पानी पत्रात त्यांच्यावर एकच ओळ आहे, ‘आई काही बोलत नाही.’ त्यांना कुणी काय विचारलंय? कमान हवी का, असं विचारलं असेल. त्याला त्या काय उत्तर देणार! 1970 साली लग्न, पुढची 13 वर्षं नवरा वर्षातून दोनदा सुट्टीवर, सासू-सासरे, मनीऑर्डर, दोन बाळंतपणं, आणि ती सगळी आंतरदेशीय पत्रं कुणीतरी वाचून दाखवलेली किंवा स्वतः अक्षर लावत वाचलेली. ती पत्रं 50 वर्षं जपून ठेवली ती आबांनी नाही, त्यांनी. आबांकडे त्यांनी लिहिलेली पत्रं असतील, ती ट्रंकेत आहेत का, ते बघितलंत? त्यांच्यासमोर वही-पेन घेऊन बसू नका. तांदूळ निवडताना शेजारी बसा, फोन रेकॉर्डिंगला लावून पदराआड नाही, समोर ठेवा, सांगून ठेवा. 1983 मध्ये आबा कायमचे घरी आले, तेव्हा पहिले सहा महिने कसे गेले, एवढाच प्रश्न विचारा. ज्या घरात बाप पाहुण्यासारखा यायचा, त्या घरात तो रोज राहायला आला, हे सगळ्यांनाच सोपं गेलं नसणार. तुमच्या भावाचं वय तेव्हा 11 होतं.

स्मरणिका 40 पानांचीच झाली पाहिजे असं कुणी सांगितलंय? 16 पानं करा. शुभेच्छांच्या जाहिराती घेऊ नका, मग कुणाचा फोटो मोठा हा वादच उरत नाही. दोन पत्रं, जशीच्या तशी, आबांच्या अक्षरात छापा, शुद्धलेखन सुधारू नका. आणि प्रत छापायला जाण्यापूर्वी घरातल्या प्रत्येकाला एकदा वाचायला द्या. वहिनींनाही.

राहिला पाळणा. भाच्या-पुतण्यांत कुणी म्हणतं तसाच अर्धवट ठेवू, आठवण म्हणून; तुम्ही म्हणता दुसऱ्या मिस्त्रीकडून पुरा करून घेऊ. तुमच्या भावाची नात सहा महिन्यांची आहे आणि झोळीत झोपते. अजून चार-पाच महिन्यांनी तिला पाळण्याचा काही उपयोग राहणार नाही, म्हणून हे लवकर ठरवा. दोन कठड्यांच्या पट्ट्या आणि वरचा दांडा राहिलाय, असं तुम्ही लिहिलंय. शेड बंद व्हायच्या आधी भावाने तिथे चार वर्षं काम केलं होतं, हेही तुम्हीच लिहिलंय. त्याला विचारून बघा. हो म्हणाला तर आधी रंध्याचं पातं धार लावून आणा. वर्षभर पडून गंजलेलं असेल, तसंच चालवलं तर सागाचे रेषे उचकटून येतात.